कर्टलंड्स वॉर्ब्लर: संख्या का घटली, राहतो कुठे, कुळ कोणतं

रानवाटा

२०१९ साली अमेरिकेने कर्टलंड्स वॉर्ब्लर या चिमुकल्या पक्ष्याला धोक्यातल्या जातींच्या यादीतून बाहेर काढलं. तेव्हा पक्षी बघणाऱ्यांना झालेला आनंद अगदी रास्त होता. २०२१ च्या गणनेत २,२४५ जोड्या भरल्या. २०२५ च्या गणनेत मात्र आकडा दीड हजारांच्या आसपास आलाय, म्हणजे चार वर्षांत जवळपास तिसरा हिस्सा कमी. मी मिशिगन राज्यात डेट्रॉइटकडे राहतो हे माहीत असल्याने काही जणांनी खाजगी निरोप (व्यनि) पाठवून याचं कारण विचारलं, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या पक्ष्याची संख्या म्हणून जो आकडा छापून येतो, तो खरं तर उत्तर मिशिगनमध्ये जॅक पाइन या सूचिपर्णी झाडाची कोवळी झाडी किती आहे याचाच हिशोब असतो. हे एकदा ध्यानात आलं की आकडा चढला का आणि उतरला का, दोन्ही उलगडतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: लांबीला चिमणीच्या जवळपास, वजनाला जेमतेम तेरा-चौदा ग्रॅम. पाठ निळसर राखाडी, तिच्यावर काळ्या रेघा. पोट पिवळं, बगलेला काळे ठिपके. डोळ्याच्या वर आणि खाली पांढऱ्या चंद्रकोरी. नराच्या चोचीपासून डोळ्यापर्यंतचा भाग काळा. बसला की शेपटी सारखी खाली-वर करत राहतो, लांबून ओळखायला ही खूण फार उपयोगी.

विणीचं क्षेत्र इतकं लहान असलेले पक्षी उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर फार थोडे आहेत. कित्येक दशकं याची जवळजवळ सगळी घरटी मिशिगनच्या खालच्या द्वीपकल्पाच्या उत्तरेला, मायो आणि ग्रेलिंग या गावांच्या आसपासच्या मोजक्या काउंट्यांमध्ये होती. १९९० च्या दशकात तो वरच्या द्वीपकल्पात वीण करू लागला. २००७ साली विस्कॉन्सिनच्या अ‍ॅडम्स काउंटीत आणि कॅनडात ऑन्टॅरिओमधल्या पेटावावाच्या लष्करी तळावर घरटी सापडली. क्षेत्र वाढलं हे खरं, पण आजही शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त जोड्या मिशिगनमध्येच आहेत.

एवढा एका जागी का अडकलाय? कारण तो घरटं जमिनीवर करतो, आणि तेही जॅक पाइनच्या जमिनीला टेकलेल्या खालच्या फांद्यांच्या आडोशाला, गवतात, ब्लूबेरीच्या झुडपांत. खाली रेताड माती लागते, पाणी झटकन मुरलं तरच जमिनीवरचं घरटं टिकतं. झाड साधारण पाच-सहा वर्षांचं झालं की तो येतो. पंधरा-वीस वर्षांचं झालं की शेंडे एकमेकांना भिडतात, खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या वाळून जातात आणि आडोसा संपतो. मग तो ती जागा सोडतो. जंगल असतं तिथेच, बाहेरून हिरवंगार दिसतं, पण त्याच्या कामाचं राहत नाही. शिवाय चार झाडांचा तुकडा त्याला चालत नाही, एकसलग मोठं रान लागतं.

पूर्वी ही कोवळी झाडी वणव्यांमुळे आपोआप तयार व्हायची. जॅक पाइनचे बरेचसे शंकू (ज्यांत बी असतं) राळेने घट्ट मिटलेले असतात. आगीच्या धगीने राळ वितळते, शंकू उघडतो आणि जळालेल्या मोकळ्या जमिनीवर बी पडतं. विसाव्या शतकात वणवे विझवण्याची यंत्रणा उभी राहिली आणि झाडी म्हातारी होत गेली.

हिवाळ्यात हा पक्षी बहामाजला जातो. त्याबद्दल पुढे कुणी विचारलं तर लिहीन, तो भागही महत्त्वाचा आहे.

सातभाई_नाशिक

रानवाटा, उत्तम माहिती. एक शंका. मी असं वाचलं होतं की याचा खरा शत्रू काउबर्ड. काउबर्ड पकडायचे पिंजरे आता बंद केलेत असंही ऐकलं. मग २०२५ ची घट त्यामुळे तर नाही?

रानवाटा

शंका योग्य आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

काउबर्ड दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो, आपल्या कोकिळेसारखा. तो मूळचा मधल्या गवताळ प्रदेशातला, बायसनच्या कळपांमागे फिरणारा. एकोणिसाव्या शतकात मिशिगनची जंगलं तोडली गेली, शेती आली, तसा तो इथे पोचला. कर्टलंड्स वॉर्ब्लरची आणि त्याची त्याआधी गाठच पडली नव्हती. परकं अंडं ओळखायचं किंवा ते घरटं सोडून द्यायचं ही सवय या पक्ष्यात रुजायला वेळच मिळाला नाही. १९६० च्या दशकाअखेरीस दहातल्या सात घरट्यांमध्ये काउबर्डची अंडी सापडत होती. एका जोडीमागे वर्षाला सरासरी एक पिल्लूसुद्धा उडत नव्हतं.

गणनेचे आकडे बघा. १९५१ साली गाणारे नर ४३२, १९६१ साली ५०२, आणि १९७१ साली २०१. दहा वर्षांत निम्म्याहून जास्त गेले. १९७२ पासून पिंजरे लावले. घरट्यांमधली काउबर्डची अंडी शेकडा पाचाच्या खाली आली आणि जोडीमागे तीनेक पिल्लं उडू लागली.

इतकं झाल्यावर संख्या भराभर वाढायला हवी होती, नाही का? वाढली नाही. १९७४ साली गाणारे नर १६७ होते, आणि १९८७ सालीही बरोबर १६७. म्हणजे पंधरा वर्षं काउबर्ड हटवूनही संख्या जागची हलली नाही. घसरण थांबली, एवढंच झालं. पिल्लं मोठी होत होती, पण त्यांना घरटं करायला पुरेशी कोवळी झाडी नव्हती. १९९० नंतर आकडा उठला आणि २००१ साली हजारावर गेला. तो उठण्याचं मुख्य कारण १९८० साली मॅक लेकला लागलेल्या मोठ्या आगीत जळालेल्या रानात वाढलेली झाडी.

पिंजऱ्यांबद्दल: २०१५ पासून ते कमी करत आणले आणि २०१८ पासून थांबवले. त्यानंतर घरटी तपासत राहिले तेव्हा काउबर्डची अंडी शंभरात एखाद्या घरट्यातही जेमतेम सापडली. लक्ष ठेवायलाच हवं, पण या घटीचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

नीलिमा_अ

माझ्याकडच्या जुन्या फील्ड गाइडमध्ये याचं शास्त्रीय नाव डेंड्रोइका कर्टलंडाय असं आहे आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर सेटोफॅगा दिसतं. दोन वेगळे पक्षी तर नाहीत ना? आणि वॉर्ब्लर म्हणजे आपल्या वटवट्याचाच भाऊबंद का?

पर्णवटवट्या

याचं उत्तर मी देतो, हा माझ्या आवडीचा विषय आहे.

पक्षी एकच, प्रजाती (जीनस) बदलली. १८५१ च्या मे महिन्यात ओहायोतल्या क्लीव्हलँडजवळ डॉ. जेरड कर्टलंड यांच्या जावयाने, चार्ल्स पीझने, एक नर मिळवला. स्पेन्सर बेअर्डने १८५२ साली त्याचं वर्णन करून कर्टलंड यांचं नाव दिलं. बेअर्डने ठेवलेलं प्रजातीचं नाव होतं सिल्व्हिकोला. पुढे तो डेंड्रोइकात गेला आणि तिथे दीर्घकाळ राहिला.

मग डीएनए आला. २०१० साली या संपूर्ण कुळाचा मोठा वंशवृक्ष प्रसिद्ध झाला आणि त्यात असं दिसलं की अमेरिकन रेडस्टार्ट, जो एकटाच सेटोफॅगा या प्रजातीत धरला होता, तो डेंड्रोइकांच्या अगदी मधोमध बसतो. आता एक तर डेंड्रोइकाचे अनेक तुकडे पाडायचे, नाहीतर सगळ्यांना एका नावाखाली आणायचं. एकत्र आणायचं ठरलं की नियमाने जुनं नाव टिकतं. सेटोफॅगा हे नाव १८२७ चं, डेंड्रोइका १८४२ चं. म्हणून २०११ साली अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञांच्या संघटनेने दोन डझनांहून जास्त जाती सेटोफॅगात नेल्या. मला हा निर्णय पटतो. नुसत्या रंगरूपावरून रेडस्टार्टला वेगळं ठेवण्यात काही अर्थ नव्हता, तो उडून माशा पकडतो म्हणून वेगळा दिसतो, रक्ताने तो यांच्यातलाच.

कर्टलंड्स वॉर्ब्लरला उपजाती नाहीत. एवढ्याशा क्षेत्रात राहणाऱ्या पक्ष्यात वेगळे गट पडायला जागाच नाही. याउलट त्याचा चुलतभाऊ यलो-रम्प्ड वॉर्ब्लर खंडभर पसरलेला. त्याच्या पूर्वेकडच्या मर्टल आणि पश्चिमेकडच्या ऑड्यूबन या रूपांना १९७३ साली एक जात ठरवलं, त्यावरचा वाद आजही धुमसतोय.

आता वटवट्याचा प्रश्न. नाही, भाऊबंद नाहीत. हिवाळ्यात आपल्याकडे येणारे पर्णवटवट्ये फायलोस्कोपिडी कुळातले, बोरूच्या बेटात राहणारे अ‍ॅक्रोसेफॅलिडीतले. हा पॅरुलिडी कुळातला, आणि हे कुळ फक्त अमेरिका खंडांत आहे. लहान चण, किडे खाणं, सतत हालचाल, यावरून युरोपातून आलेल्या लोकांनी ओळखीचं नाव चिकटवलं. पॅरुलिडीच्या अगदी जवळचं कुळ म्हणजे इक्टेरिडी, आणि त्यात कोण येतं? काउबर्ड! वंशवृक्षात आपल्या वटवट्यापेक्षा तो काउबर्डच या वॉर्ब्लरच्या कितीतरी जवळ आहे.

नीलिमा_अ

किती सोपं करून सांगितलंत, मनापासून धन्यवाद. शेवटचं वाक्य वाचून थक्क झाले.

मोहर

रानवाटा दादा, एक मूलभूत प्रश्न. घनदाट झाडीत तेरा ग्रॅमचा पक्षी. मग २,२४५ असा नेमका आकडा येतो कुठून?

रानवाटा

कानाने मोजतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, उजाडल्यापासून दुपार व्हायच्या आत, वारा-पाऊस नसलेल्या दिवशी. माणसं ठरावीक अंतर ठेवून ओळीने झाडीतून चालतात. थोडं चालायचं, थांबायचं, ऐकायचं, नकाशावर खूण करायची. दोन ओळींतल्या माणसांनी ऐकलेला पक्षी एकच की दोन, हे खुणा ताडून ठरवतात. नराचं गाणं खणखणीत असतं, सुरुवात खालच्या सुरात आणि शेवटाकडे चढत जाणारं, शांत सकाळी पाव मैलावरून ऐकू येतं. प्रत्येक गाणाऱ्या नरामागे एक मादी धरतात. म्हणून जुन्या आकड्यांत 'गाणारे नर' आणि नव्यांत 'जोड्या' असं लिहिलेलं असलं तरी मोजणी तीच आहे. काही नर एकटेच राहतात, काहींना दोन माद्या असतात, तेव्हा 'जोड्या' हा अंदाजच. पण इतकी वर्षं एकाच रीतीने मोजत आल्यामुळे कल अगदी विश्वासार्ह आहे.

१९७१ पासून बराच काळ ही गणना दरवर्षी व्हायची. संख्या वाढल्यावर ते झेपेना. २०१५ नंतरची पूर्ण गणना २०२१ ला झाली आणि नंतर थेट २०२५ ला.

याच पक्ष्याच्या अभ्यासातून निघालेली एक गोष्ट आवर्जून सांगतो. घरटी यशस्वी होण्याचं प्रमाण काढताना एक गफलत व्हायची. जी घरटी सापडण्याआधीच उद्ध्वस्त झाली ती हिशोबातच येत नसत, त्यामुळे यश फुगून दिसे. हॅरल्ड मेफिल्ड यांनी १९६१ साली कर्टलंड्स वॉर्ब्लरच्या नोंदींवरून रीत बसवली की घरटं जितके दिवस नजरेखाली होतं तितक्याच दिवसांचा धोका मोजायचा. मेफिल्ड पद्धत म्हणून ती जगभर वापरली गेली. आणि मेफिल्ड पोटापाण्यासाठी एका कंपनीत नोकरी करत, पक्षी हा त्यांचा छंद.

दगडफूल

थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्या पक्ष्यासाठी माणसाने कायम झाडं लावत राहायचं, तोडत राहायचं, तो रानटी पक्षी म्हणायचा का? उघड्यावरचं प्राणिसंग्रहालयच झालं हे. तोच पैसा एखादं अख्खं जंगल राखायला लावला तर शेकडो जातींचं भलं होईल.

रानवाटा

राग कशाला? हा प्रश्न इथेही विचारला जातो आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

वणवे आपण विझवतो, कारण त्या रानांत आता घरं आहेत, रस्ते आहेत. आग परत आणायचा प्रयत्न झाला होता. ५ मे १९८० रोजी मायोजवळ मॅक लेकला याच पक्ष्यासाठी अधिवास तयार करायला लावलेली नियंत्रित आग वाऱ्याने हाताबाहेर गेली. सुमारे २४,००० एकर जळालं, चाळीसहून जास्त घरं-इमारती खाक झाल्या आणि आग विझवताना वनसेवेतला एक तरुण कर्मचारी मरण पावला. त्या जळालेल्या जमिनीवर जी झाडी उगवली, तिच्यामुळे पुढच्या दशकात हा पक्षी सावरला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या घटनेबद्दल बोलताना त्या तरुणाला विसरता कामा नये असं मला वाटतं.

त्यानंतर भर लागवडीवर आला. पन्नास वर्षांचा फेरा धरलाय: साधारण १,९०,००० एकर सरकारी जमिनीपैकी दरवर्षी ३,८०० एकरांवरचं वाढलेलं जॅक पाइन तोडायचं आणि तिथे दोन वर्षांची रोपं लावायची. रोपांच्या ओळी नागमोडी घेतात आणि मध्ये मध्ये मोकळ्या जागा सोडतात, कारण पक्ष्याला दाट झाडीइतकीच उघडीपही लागते. तोडलेलं लाकूड विकलं जातं, त्यामुळे सगळा भार तिजोरीवर नाही. पण जॅक पाइनला भाव कमी. वनव्यवस्थापकाला तिथे रेड पाइन लावणं परवडतं, आणि रेड पाइनखाली हा पक्षी राहत नाही.

आता तुमच्या मुद्द्याकडे येतो. ही रानं फक्त याच्या उपयोगाची नाहीत. अपलँड सँडपायपर या पक्ष्यापासून रेताड माळावरच्या कितीतरी वनस्पती आणि कीटकांपर्यंत पुष्कळ जणांना अशीच उघडी कोवळी झाडी लागते. वणवा बंद करून आपण या सगळ्यांची जमीन काढून घेतली. झाडं लावणं म्हणजे घेतलेलं परत करणं, मी तरी याला उपकार म्हणणार नाही. आणि म्हणूनच २०१९ साली यादीतून नाव काढताना, हे काम पुढेही चालू ठेवायचं असा करार वनसेवा, मिशिगनचं नैसर्गिक संसाधन खातं आणि केंद्राची वन्यजीव सेवा यांनी आधीच केला होता. काम चालू आहे. पण लागवडीचा एखादा टप्पा मागे पडला की त्याचा फटका आठ-दहा वर्षांनी गणनेत दिसतो. १९८०-९० च्या दशकांत वाढलेली मोठमोठी रानं आता म्हातारी झालीत आणि तितक्याच मोठ्या कोवळ्या रानांनी त्यांची जागा घेतलेली नाही. ही घट अशी हळूहळू शिजत आलेली आहे.

दगडफूल

सविस्तर उत्तराबद्दल आभार. पन्नास वर्षांचा फेरा हा भाग मला ठाऊक नव्हता. खर्चाबद्दलचं माझं मत पूर्ण बदललं असं नाही, पण प्राणिसंग्रहालय हा शब्द मागे घेतो.

शेकरू_वाई

बहामाजचं राहिलं की! हिवाळ्यात तिथे काय खातो?

रानवाटा

बरं झालं आठवण केलीत. बहामाजच्या पूर्वेकडची बेटं, एल्यूथेरा, कॅट आयलंड, सॅन साल्व्हादोर, लाँग आयलंड ही याची मुख्य ठिकाणं. तिथे किड्यांबरोबर फळं खातो आणि त्यातलं एक मुख्य फळ म्हणजे लँटाना इन्व्होल्युक्राटा. आपल्या वाईच्या घाटात माजलेली घाणेरी त्याच प्रजातीतली! फरक असा की आपल्याकडे ती परकी आणि उपद्रवी, आणि बहामाजचं हे झुडूप तिथलं स्थानिक.

तिथेही याला कोवळंच हवं. तोडलेल्या, जळालेल्या किंवा बकऱ्या चरून गेलेल्या जागी नव्याने फुटलेली झुडपं फळांनी लगडतात, त्यांवर हा येतो. एल्यूथेरावर बकऱ्यांच्या चराईचा त्याला फायदा होतो असं अभ्यासात दिसलंय. दुसरी गोष्ट पावसाची. मार्चमध्ये बहामाजला पाऊस कमी झाला तर फळं-किडे कमी, पक्षी अशक्त राहतो, मिशिगनला उशिरा पोचतो आणि पिल्लं कमी होतात. तिथला दुष्काळ असा इथल्या घरट्यापर्यंत येतो. पुढच्या काळात मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते, कारण झाडं लावता येतात, पाऊस पाडता येत नाही.

इतिहासातलं सांगायचं तर याचं हिवाळी ठिकाण विणीच्या ठिकाणाआधी सापडलं. बहामाजच्या अँड्रॉस बेटावर १८७९ साली नोंद झाली. घरटं मात्र १९०३ पर्यंत कुणाला माहीत नव्हतं. त्या वर्षी ऑ सेबल नदीवर ट्राउट मासे पकडायला गेलेल्या एकाला अनोळखी गाणं ऐकू आलं, मिळवलेला नमुना विद्यापीठाच्या संग्रहालयात पोचला आणि तिथल्या नॉर्मन वुड यांनी जुलैमध्ये ऑस्कोडा काउंटीत पहिलं घरटं शोधून काढलं.

मोहर

आम्ही ग्रँड रॅपिड्सला आहोत, मे-जूनमध्ये मुलांना घेऊन जायचं म्हणतोय. कुठे जावं?

रानवाटा

ग्रेलिंगजवळच्या हार्टविक पाइन्स स्टेट पार्कमधून मिशिगन ऑड्यूबन या पक्षीसंस्थेच्या मार्गदर्शित फेऱ्या निघतात, मे महिन्याच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. पहिल्या खेपेला त्यांच्याबरोबरच जा. विणीच्या काळात बरीचशी रानं बंद असतात, तशा पाट्या लावलेल्या असतात. रस्त्यावरून बघायला हरकत नाही, झाडीत शिरू नका. घरटं जमिनीवर असतं, पायाखाली येतं. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं तर अजिबात नको.

पहाटे पोचा. नर जॅक पाइनच्या शेंड्यावर येऊन, मान मागे टाकून गातो. छाती फुगते, चोच पूर्ण उघडते, गाणं संपलं की शेपटी हलवत खाली फांद्यांत उतरतो आणि थोड्या वेळाने दुसऱ्या शेंड्यावर दिसतो. मुलांना नक्की आवडेल.

सातभाई_नाशिक

माझी बहीण टोलीडोला असते. तिला उत्तरेला जाणं जमणार नाही. वाटेत कुठे दिसायची शक्यता?

रानवाटा

टोलीडो म्हणजे उत्तम जागा. ईरी सरोवराच्या काठचं मॅगी मार्श तिथून जवळ. स्थलांतर करताना हे पक्षी मे महिन्याच्या मध्याला त्या भागातून जातात आणि अधूनमधून एखादा काठावरच्या झुडपांत उतरतो. खात्री देता येत नाही, पण त्या आठवड्यात तिथे इतर वॉर्ब्लर इतके असतात की फेरी वाया जात नाही. ताईंना सांगा, दिसला तर आधी पाय बघा. बऱ्याच पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घातलेली आहेत. डाव्या आणि उजव्या पायातल्या कड्यांचे रंग वरून खाली या क्रमाने लिहून ठेवायचे, फोटो मिळाला तर फारच चांगलं, आणि ईबर्डच्या नोंदीत टाकायचं. त्या रंगांवरून तो कोणत्या वर्षी, कोणत्या रानात किंवा बहामाजच्या कोणत्या बेटावर पकडला होता हे शोधता येतं.